बंद गोठ्यातला दोर

नानाजीला सकाळी बंडी घालणं हे दोन माणसांचं काम होऊन बसलं होतं, आणि त्या कामात भांडण निघालं नाही असा दिवस मैनाबाईला आठवत नव्हता.

"हयू ना व माय. खांदा उपटून हातात देतं का?"

"तुमी हात वर करसान तवा बाही जाईन ना. का माह्याच डोक्यात घालू बंडी?"

"मुद्दाम मुरडते तू. मले समजते."

"हाव. रातभर तेच शिकत होती मी."

बंडी कशीबशी चढायची. नानाजी उजवा हात पोटाशी धरून ओसरीवर येऊन बसायचा आणि बायकोनं खरंच मुद्दाम मुरडला की काय, याचा चहा संपेपर्यंत विचार करायचा.

संशय हा नानाजीचा जुना धंदा होता. दिग्रसच्या जिनिंगवर कापसाची गाडी लागली की काट्यावर आधी स्वतः चढून तो वजन पडताळून बघायचा. दुधात बोट बुडवायचा, कुलूप ओढून पुढं जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. देवळात नारळ दिला तरी पुजाऱ्यानं अर्धी वाटी इमानदारीनं परत केली की नाही, तिकडं डोळा. या स्वभावाचा फायदा एकच झाला होता. कोणाचं घेणं नाही, कोणाचं देणं नाही. कापसानं सगळा मुलूख झोपवला, आसपासच्या गावांतून रोज काहीबाही कानावर यायचं, त्या वर्षांतही नानाजीच्या दारात कोणी वसुलीला आलं नाही. पण लोकांना हे पटत नसे. आजच्या दिवसात कर्ज नाही म्हणतो म्हणजे नक्कीच काहीतरी दडवतो, असा गावानं उलटा संशय धरला होता. एवढ्या वर्षांत गावानं नानाजीकडून तेवढं शिकून घेतलं होतं.

खांदा धरला तो वेचणीच्या दिवसांत. पडला नाही, झडला नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन जन्मभर दांडा हापसला, त्या हातानं एक दिवस वर जायचं नाकारलं. आधी ठणका, मग रात्रीची झोप गेली, मग हात असा जाम झाला की पाठ खाजवायची तर खांब शोधावा लागे. दिग्रसच्या डॉक्टरची सुई झाली, तेल झालं, शेकून पाला बांधून झाला. हात जिथल्या तिथं. बैल आवरेनात म्हणून माघात त्यानं जोडी विकून टाकली. ते गावानं लक्षात ठेवलं.

आणि पोलीस पाटील विठ्ठलराव येऊन ओसरीवरच्या खाटेवर बसले.

"नाना, पाडव्यापासून वावर मले मक्त्यानं देऊन टाक. सालभर म्या वाहीन, तू बसून खाय."

"हात होईन ना बरा."

"होईन तं चांगलंच हाये. नाई झाला तं पाडव्याले सांग."

नाल्याकाठची काळी जमीन. त्यात नानाजीनं कधी सालदार ठेवला नव्हता, कारण सालदार कोळपणीचा डवरा उथळ चालवतो असा त्याचा पक्का समज. ज्याला बायकोच्या हातचं मीठ पुन्हा चाखून बघावं लागतं, त्यानं वावर दुसऱ्याला द्यायचं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पाडव्याच्या आत हात वर गेला पाहिजे. नाही गेला तर वावर गेलं.

आता इलाज गावातच होता, पण तिथं जायची वाट नानाजीनं स्वतःच खणून ठेवली होती. धर्मपालची पोरगी दीपा नागपूरला फिजिओथेरपी शिकून आर्णीच्या एका दवाखान्यात लागली होती. रविवारी घरी आली की बापाच्या ओसरीवर गावचे गुडघे आणि कंबरा कामाला लावायची. पहिल्याच रविवारी नानाजी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर बोलला होता, "सुई नाई, गोयी नाई. हात वर करा, हात खाली करा. अशी डाक्टरी तं आमच्या शाळेतला कवायतीचा मास्तर फुकट करे." टपरी हसली. आणि टपरीवर हसलेली गोष्ट धर्मपालच्या घरी पोचली नाही, असं या गावात होत नाही.

शेवटी एक दिवस मैनाबाईला "पंचायत समितीत काम हाये" म्हणून सांगून तो एसटीनं आर्णीला गेला.

दीपानं त्याला बघितलं. हसली नाही. हात बाजूनं उचलून बघितला, बाहेर वळवून बघितला. तेवढ्यात नानाजीला घाम फुटला.

"एवढंच जाते का, काका?"

"एवढंच जाते म्हनून तं आलो. सुई दे येखादी चांगली."

"सुई झाली ना तुमची दिग्रसले. मोट पाह्यली असन तुमी, चामड्याची. वापरात नसली तं वायते, आखडते. तशीच पिशवी असते खांद्याभवती. तुमची आखडली. तिले शेकाचं, अन् रोज थोडी थोडी तानाची. झटका देल्ला तं फाटन."

मोट नानाजीनं बघितली होती. त्यामुळं पटलं. पण शेकायची थैली खांद्यावर ठेवल्याबरोबर त्यानं विचारलंच, "याच्यात काय भरलं हाये?"

"गरम होनारं जेल हाये. घरी रेतीची पुरचुंडी चालन. तव्यावर तापवा, आधी गालाले लावून पाहा."

मग तिनं रीत दाखवली. वाकून हात लोंबता सोडायचा, त्यात पाण्याचा लोटा धरायचा आणि लंबकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. आणि दोर. "घरात बल्लीले कप्पी लावा, तिच्यातून दोर सोडा. दोन्ही टोकांले मूठ मावन असा फासा करा. खाली तिपाईवर बसा. चांगल्या हातानं खाली वढा, दुखरा आपोआप वर जाईन. तान बसू द्या, पन कय उठली तं तठीच थांबा. सकाय-संध्याकाय."

"कप्पी कायले? बल्ली गुयगुयीत हाये."

"मंग दोर तरी मऊ घ्या."

नानाजीनं दाराकडं बघून आवाज उतरवला. "कोनाले सांगू नोको, पोरी."

"काहून?"

"नोको सांगू म्हनलं ना."

"बरं. कवायतीच्या मास्तरलेबी नाई सांगत," दीपा म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी नानाजी देवीलालच्या दुकानात उभा राहिला.

"सुताचा दोर पाह्यजे. मऊ."

देवीलालनं गुंडाळी काढली. "बैल तं इकले ना तुमी? मंग दोर कशाला?"

"तुले काय करायचं? इकाले बसला का चौकशी कराले?" नानाजीनं दोर बोटांत चोळला, नाकाशी नेला, मग गाठ मारून डाव्या हातानं खिळ्यावरून असा ओढला की दुकानाची फळी करकरली. "वजनानं तुटन तं नाई?"

"कशाच्या वजनानं?"

"माह्या. दुसऱ्या कोनाच्या?"

देवीलालनं बाकीचे पैसे मोजताना दोनदा चुकवले. नानाजीनं तेही टिपलं आणि पैसे पुन्हा मोजून घेतले.

गोठा रिकामाच होता. नानाजीनं आतून कडी लावली, छताच्या बल्लीवरून दोर टाकला, दोन्ही टोकांना फासे केले, खाली तिपाई ओढली. पहिल्या दिवशी डोळ्यांपुढं काजवे चमकले. चवथ्या की पाचव्या दिवशी हात हनुवटीपर्यंत आला. मग गालापर्यंत. त्याला आनंद झाला, पण तो त्यानं कोणाला कळू दिला नाही. कळला तर विठ्ठलरावाला कळेल, मग तो दुसरी काही चाल काढेल. बंडी मात्र आता बिनबोभाट अंगात जायची. सकाळचं भांडण बंद झालं.

आणि इथूनच मैनाबाईचं काळीज उडालं.

तिचं काय झालं हे नानाजीला कुठून कळणार? त्याला एवढंच दिसलं की गाव एकाएकी गोड झालं. टपरीवर चहा प्याला, पैसे काढले, तर टपरीवाला म्हणाला, "राहू द्या, नानाजी, काय घेऊन जायचं हाये?" ज्या टपरीवाल्यानं बिस्किटाचा तुकडा उधार दिला नव्हता, तो. नानाजी घरी येईपर्यंत चहाची चव आठवत राहिला, त्यात काही टाकलं तर नव्हतं ना? रस्त्यात धर्मपाल भेटला. ज्याच्याशी टपरीच्या बोलण्यापासून बोलाचाल नव्हती, तो खांद्यावर हात ठेवायला आला, नशीब डाव्या.

"नाना, काई असन तं बोलत जाय, गड्या. मनात नोको ठेवू."

"माह्या मनात काय असन?"

"नाई, म्हनलं. पोरगी आली नाई या रविवारी, नाईतं तिच्याशी बोलाचं होतं. शिकेल हाये."

दीपानं सांगितलं वाटते, नानाजीच्या मनात आलं. पण सांगितलं असतं तर धर्मपाल हसला असता. हा तर रडवेला. म्हणजे गोष्ट वेगळी.

घरातली फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली नाहीशी झाली. मैनाबाई म्हणाली, सांडली. विहिरीवर जायला निघाला तर मैनाबाई मागं. नाल्यावर निघाला तर शेजारचा पोरगा मागं, "मलेबी तिकडंच जाचं हाये" म्हणत. जेवायला रोज काही ना काही गोड. विठ्ठलराव पुन्हा आले आणि या वेळी खाटेवर नाही, खाली जमिनीवर बसले.

"वावराचं टेन्शन नोको घेऊ, नाना. मक्त्याचं आपून मागून पाहू. पेरनीले आमी सगळे हावो. तू फक्त खुशाल राह्य."

हे ऐकून नानाजीला सगळा उलगडा झाला. त्याच्या हिशेबात कोणी काही घेतल्याशिवाय देत नाही, आणि त्याच्याजवळ घेण्यासारखं एकच होतं. वावर. टपरीवाला, धर्मपाल, पोलीस पाटील, सगळे मिळून त्याला गुळाच्या ढेपेत बुडवून कागदावर अंगठा घेणार.

"तुह्याशी कोन कोन बोललं?" त्यानं रात्री मैनाबाईला दरडावलं.

मैनाबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजे तूबी त्याहीच्यातच हायेस," नानाजी म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. झोप मात्र लागली. कितीतरी महिन्यांनी त्या कुशीवर. मैनाबाई बसून त्याचा श्वास ऐकत राहिली.

सकाळी गोठ्यात दोर नव्हता.

देवीलालकडं गेला. देवीलालच्या डोक्यावर दोराच्या गुंडाळ्या तोरणासारख्या लोंबत होत्या.

"दोर दे."

"संपला," देवीलाल वर न बघता म्हणाला.

"मंग हे काय वर? शेवया हायेत?"

"ते बुक हायेत. दुसऱ्याचे."

"कोनाचे?"

"समद्याईचे."

नानाजीनं त्याच्याकडं टक लावून बघितलं. कटात दुकानदारही होता तर. पाडवा महिन्यावर, हात कानापर्यंत आलेला, आणि आता दोर बंद. त्यानं घरी येऊन विहिरीचा सोल, पाणी ओढायचा दोरखंड, काढला. जाड, काथ्याचा, हाताला टोचणारा, पण तुटायचा नाही. मैनाबाई शेणाला गेलेली बघून तो गोठ्यात शिरला आणि आतून कडी लावली.

सोल बल्लीवर नीट सरकेना. त्यानं डाव्या हातानं जोर केला, उजवा हात वर चढला, कानापाशी आला, आणि अशी कळ उठली की तोंडातून निघून गेलं, "मेलो रे बाप्पा."

बाहेर शेणाचं टोपलं आदळलं.

मग जे झालं ते नानाजीला नीट उमगलं नाही. बायकोची किंकाळी आली, पळापळ ऐकू आली, दारावर काहीतरी धाडकन बसलं. त्याच्या मनात आलं, आले, वावर घ्यायला आले. कडी उखडली. उजेडातून अंधारात शिरलेल्या माणसांना काय दिसलं असेल ते असो. कोणी ओरडलं, "पाय धरा रे, पाय," आणि धर्मपालनं झडप घालून नानाजीचे दोन्ही पाय कवटाळून त्याला तिपाईवरून वर उचललं. तिपाई लवंडली. धर्मपालचा पाय शेणात घसरला. आणि नानाजी दोन्ही मुठी फाशांत अडकून बल्लीला लोंबला. उजव्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. विठ्ठलरावांनी कुऱ्हाडीनं सोल तोडला, नानाजी धर्मपालच्या अंगावर पडला.

"सोडा," नानाजी कण्हत म्हणाला. "देतो. वावर घ्या, पन हात सोडा."

"कोनतं वावर?" विठ्ठलराव धापा टाकत होते. "तू काय करत होता हे?"

दारात अर्धं गाव. मैनाबाई उंबऱ्यातच बसून गेलेली. नानाजीनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि तेव्हा कुठं टपरीचा चहा, सांडलेली बाटली, देवीलालचे बुक असलेले दोर, एक एक करून त्याच्या डोक्यात आपल्या जागी बसलं.

"कवायत," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. धर्मपाल शेणातच बसला होता, उठायला तयार नव्हता.

"मागच्या साली श्रावन गेला त्या दिशी त्याच्या गोठ्याचं दार असंच बंद होतं," तो म्हणाला. "म्या बाहेरून गेलतो. वाटलं, झोपला असन."

नानाजीला यावर काय संशय घ्यावा ते सुचलं नाही. सवय मात्र सुटत नाही. त्यानं विचारलंच, "विठ्ठलराव, मंग वावराचं काहून म्हनत होता तू?"

"वावर पाह्यजेच होतं मले," विठ्ठलराव कुऱ्हाड टेकून म्हणाले. "पन तू जित्ता असताना."

रविवारी दीपा आली. खांदा सुजून कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. तिनं आधी बर्फ लावायला सांगितलं, मग हाताला झोळी बांधली.

"हाडं शाबूत हायेत. पन एवढ्या दिवसांची कमाई एका झटक्यात गेली, काका. म्या झटका देऊ नोका म्हनलं होतं ना? कोनं वढलं असं?"

सगळ्यांनी धर्मपालकडं बघितलं.

"बाबा, तुमी?"

"पोरी, त्याहीच्या जागी तू असती तं तूबी वढलं असतं," मैनाबाई मध्येच म्हणाली. ती एरवी चारचौघांत बोलत नसे.

सूज उतरली की पुन्हा पहिल्यापासून, असं ठरलं. विठ्ठलरावांनी पोलीस पाटलाच्या आवाजात हुकूम काढला, दोर लावायचा तर दार उघडं ठेवून. दार तसंही मोडलेलंच होतं. त्यांनी आपल्या विहिरीची जुनी कप्पी आणून दिली, देवीलालनं मऊ दोर आणून दिला आणि त्याचे पैसे घेतले. नानाजीला ते बरं वाटलं. गाव पहिल्यासारखं होत होतं.

आता रोज सकाळी गोठ्यासमोर माणसं उभी. नानाजी तिपाईवर बसून दोर ओढायचा आणि टपरीवर जे बोलला होता ते त्याला रोज कोणीतरी ऐकवायचं. "मास्तर, एक, दोन." तो दात खाऊन ओढायचा. हात हनुवटीपर्यंत. गालापर्यंत यायला वेळ लागला. कानापर्यंत आलाच नाही. पाडवा आला.

त्या सकाळी दीपा सुट्टीवर घरी होती, म्हणून गोठ्यात आलेली. वेचणीच्या बायाही आल्या होत्या, बघायला. नानाजीचं झालं, तो उठला. तेव्हा मैनाबाई पुढं झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, हे डाव्या खांद्याले चालते का?"

"कोनाच्या?"

मैनाबाई तिपाईवर बसली. दीपानं तिचा हात बाजूनं उचलला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही.

"काकू, कधीपासून हाये हे?"

"आमच्या पोरीच्या लग्नाच्या आधीपासून असन. कंबरेची कापसाची ओटी वढू वढू." मैनाबाईनं दुसऱ्या हातानं पदर सावरला. "येचाले उजवाच लागते. मंग कायले सांगा?"

नानाजी बघत राहिला. कापसाच्या बोंडातला किडा दुरून ओळखणारा माणूस. ती डोक्यावर पाण्याचा गुंड कशी चढवते, त्याच्या बंडीची बाही कोणत्या हातानं धरते, चुलीवरचा डबा काढायला पाट कशाला घेते, यातलं काही आठवावं म्हणून त्यानं डोकं खाजवलं. काहीही आठवलं नाही.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, कामाले टायते."

खरंच म्हणाला असता. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्यातल्या एकीनं आपला खांदा नकळत चोळला.

तेवढ्यात विठ्ठलराव आले. डोक्याला नवा फेटा, कपाळाला गंध. "नाना, आज पाडवा. काय म्हन्तं? हात तं अर्धाच जाते वर."

"अर्धाच जाते."

"मंग बोलून घेऊ."

नानाजीनं दोराचं एक टोक मैनाबाईच्या डाव्या मुठीत दिलं, बोटं स्वतः त्यावर बंद केली. "नाई देत. अर्धा माहा हाये, अर्धा हिचा. जोडून एक तं होते. डवरा धर्मपाल मारून देईन. म्या त्याच्याकडं निंदाले जाईन."

"तू? धर्मपालवर भरोसा ठेवशीन?"

"धुऱ्यावर बसून पाहीन ना उथय मारते का खोल," नानाजी म्हणाला.

मागून धर्मपालचा आवाज आला, "अन् तुह्या निंदनावर म्या बसीन."

विठ्ठलराव हसत निघून गेले. दीपा म्हणाली, "वढा काकू, हयू. काका, तुमी मोजा."

मैनाबाईनं दोर ओढला. हात वर चढला, थांबला. तिचा चेहरा पिळवटला, पण तोंडातून आवाज निघाला नाही. एवढी वर्षं निघाला नव्हता, आता एकदम कसा निघेल?

"एक," नानाजी म्हणाला. "दोन. तीन. पाच."

मैनाबाई थांबली. तिनं दोर तसाच धरून मान वळवली.

"चार कुठी गेला?"

"म्हनलो ना चार."

"नाई म्हनले. लवकर उठवाचं हाये मले, सयपाकाले." तिनं हात खाली सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून ओढायला घेतला. "राहू द्या. मी सोता मोजते."